३२ बिट की ६४ बिट? डेटाबेसच्या वेगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरातल्या पतसंस्था, दूध संस्था, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडती आणि शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्या यांचे डेटाबेस सांभाळतो. मार्चएंड जवळ आला, गळीत हंगाम सुरू झाला किंवा ऑडिटर येऊन बसले की फोन वाजायला लागतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो: ‘मशीन ६४ बिट केलं तर सॉफ्टवेअर पळंल का?’ फोनवर तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं इथं एका जागी लिहून काढली आहेत. कुठूनही वाचा, फक्त तिसरा प्रश्न गाळू नका.

१. ३२ बिट, ६४ बिट म्हणजे प्रोसेसरचं नेमकं काय मोजतात?

प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो, ते. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढा एकच अंक. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाचे मोजके कप्पे असतात. बेरीज-वजाबाकी, तुलना, सगळं त्या कप्प्यांत चालतं. कप्पा ३२ बिटचा असेल तर त्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढा आकडा मावतो. ६४ बिटच्या कप्प्यात वीस आकडी संख्या मावते. ह्या लांबीलाच वर्ड साइज म्हणतात.

पण त्याच कप्प्यात मेमरीचा पत्ताही ठेवावा लागतो. कुठली नोंद रॅममध्ये कुठं आहे, हा पत्ता म्हणजे शेवटी एक आकडाच. डेटाबेसच्या दृष्टीनं सगळा खेळ ह्या पत्त्याचा आहे, बेरजेचा फारसा नाही.

ही गोष्ट नवीनही नाही. मिप्स कंपनीचा आर ४००० हा ६४ बिट प्रोसेसर १९९१ चा आणि डेक कंपनीचा अल्फा १९९२ चा. आपल्या नेहमीच्या पीसीच्या जातीत ६४ बिट आणलं ते एएमडी ह्या चिप कंपनीनं, एप्रिल २००३ मध्ये, ऑप्टेरॉन प्रोसेसरमधून. इंटेलनं पुढच्या वर्षी तोच रस्ता धरला. आज दुकानात मिळणारं कुठलंही मशीन ६४ बिटच असतं आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही. म्हणजे ‘६४ बिट प्रोसेसर घेऊ का’ हा प्रश्न आता उरलेला नाही. आत बसवलेलं सॉफ्टवेअर किती बिटचं आहे, हे मात्र विचारावंच लागतं.

२. बिट दुप्पट म्हणजे वेग दुप्पट?

नाही. काट्यावर मोठी ट्रॉली आणली म्हणून उसाचं वजन वाढत नाही. तुमचा खाते क्रमांक ४५१२ असेल तर तो ३२ बिटमध्येही एका दमात तपासला जातो आणि ६४ बिटमध्येही.

काही ठिकाणी थेट फायदा होतो. ६४ बिटच्या दोन आकड्यांची बेरीज ३२ बिट प्रोसेसरला दोन पायऱ्यांत करावी लागते, आधी खालचा अर्धा आणि मग हातचा धरून वरचा अर्धा. गुणाकाराला त्याहून जास्त कष्ट पडतात. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये आठ बाइटचा (एक बाइट म्हणजे आठ बिट) पूर्णांक ६४ बिट मशीनवर सरळ हातातून हातात दिला जातो. ३२ बिटवर त्याच्यासाठी आधी मेमरीत जागा घ्यावी लागते आणि मग त्या जागेचा पत्ता द्यावा लागतो. शिवाय एएमडीनं ६४ बिट करताना सर्वसाधारण रजिस्टरांची संख्या आठावरून सोळा केली, त्यामुळं मधले आकडे सारखे मेमरीत ठेवा-काढा करावे लागत नाहीत.

हे सगळं खरं. पण पतसंस्थेच्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ बसूनच असतो, डिस्कची वाट बघत. बसलेल्या माणसाला आणखी ताकद देऊन काम कसं उरकणार?

३. मग फरक पडतो तो कुठं?

मेमरीच्या पोहोचीत.

३२ बिटच्या पत्त्यानं जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीला हाक मारता येते. २ चा ३२ वा घात, एवढाच हिशेब आहे. त्यातही ३२ बिट विंडोज निम्मे पत्ते स्वतःसाठी राखून ठेवतं, म्हणून एका प्रोग्रामच्या वाट्याला येतात २ जीबी. त्या दोनातच डेटाबेसचा प्रोग्राम, प्रत्येक कनेक्शनची जागा, सॉर्टिंगची जागा आणि उरलेल्यात डेटाची कॅश.

ही कॅश म्हणजे बफर पूल. डेटाबेस डिस्कवरून वाचलेली पानं, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे, इथं ठेवतो. तेच पान परत लागलं तर रॅममधूनच मिळतं, नाहीतर डिस्कवर जावं लागतं. आता वेळेचा अंदाज घ्या. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. साध्या सॅटा एसएसडीला (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कला) सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. रॅमची फेरी एक सेकंदाची धरली तर एसएसडीची फेरी सतरा मिनिटांची होते आणि हार्ड डिस्कची जवळपास २८ तासांची. काउंटरवरचं लेजर उघडणं आणि रेकॉर्ड रूमची किल्ली शोधत बसणं, असा हा फरक आहे.

एका पतसंस्थेतलं उदाहरण सांगतो. सर्व्हर तिजोरीशेजारच्या खोलीत, त्याच्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं, मशिनमध्ये १६ जीबी रॅम, विंडोज ६४ बिट. पण डेटाबेसचं सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल, ३२ बिट, कधीतरी जुन्या मशिनवरून जसंच्या तसं आणलेलं. डेटा सहा जीबीच्या आसपास, बफर पूल एक जीबी. आधीच्या माणसानं तो दीड जीबी करून बघितला होता, तर सर्व्हिस सुरूच होईना. मार्चएंडचं व्याज रात्री लावून घरी जायचं आणि सकाळी कुलूप उघडताना देवाचं नाव घ्यायचं, अशी पद्धत पडली होती. मी गेलो तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पाच-सहा टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर चिकटलेली. सोळातली दहाएक जीबी रॅम मोकळी. शेजारी रिकामी गोदामं आणि माल रस्त्यावर, तसली गत.

त्याच मशिनवर ६४ बिट मायएसक्यूएल बसवलं, बफर पूल दहा जीबी केला. नवीन काही घेतलं नाही. क्लार्कनं व्याजाची चाचणी लावली आणि अर्ध्या तासानं मला हाक मारली, ‘साहेब, कायच फरक न्हाय.’ बरोबर होतं त्याचं. सर्व्हिस नुकतीच सुरू झालेली, कॅश रिकामी, प्रत्येक पान पहिल्यांदा डिस्कवरूनच येणार. पहिली चाचणी संपू दिली आणि तीच लगेच दुसऱ्यांदा लावली. सगळा डेटा आता रॅममध्ये बसला होता. डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकायला लागला, प्रोसेसर पहिल्यांदाच कामाला लागला आणि जेवणाचे डबे उघडेपर्यंत व्याज निघालं.

एवढा फरक नेहमी पडत नाही. इथं डेटा सहा जीबी होता, कॅश एकची दहा झाली आणि डिस्क फिरती होती, म्हणून तो डोळ्यांत भरला. तुमचा सगळा डेटा ८०० एमबी असेल तर तो ३२ बिटमध्येही कॅशमध्ये बसतोच, आणि मग ६४ बिट करून हाताला काही लागणार नाही.

४. आमच्यात प्रोसेसर ६४, विंडोज ६४. तरी तुम्ही म्हणता ३२ बिट चाललंय. कसं काय?

कारण साखळी लांब आहे: प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस सर्व्हर, ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) आणि तुमचं बिलिंगचं किंवा बँकिंगचं सॉफ्टवेअर. ६४ बिट विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम मुकाट्यानं चालवून घेतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. टास्क मॅनेजर उघडा. डेटाबेसच्या प्रोसेसच्या नावापुढं कंसात ३२ बिट लिहिलेलं दिसलं तर उत्तर मिळालं. किंवा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स ८६)’ ह्या फोल्डरमध्ये बसलाय का बघा. एक्स ८६ म्हणजे ८६ बिट नव्हे, बरं का. इंटेलच्या ८०८६ ह्या जुन्या चिपचं ते नाव चिकटलंय, विंडोजमध्ये त्याचा अर्थ ३२ बिट असाच घ्यायचा. एका संस्थेच्या संचालकांनी ‘आपलं ८६ बिट आहे, ६४ ला कशाला उतरायचं’ असं मला मीटिंगमध्ये विचारलं होतं. हसू आवरलं, पण चूक त्यांची नव्हती, नाव ठेवणाऱ्यांची होती.

सगळीच साखळी ६४ बिट हवी असं नाही. डेटाबेस सर्व्हर ६४ बिट पाहिजेच. काउंटरवरचं सॉफ्टवेअर ३२ बिट राहिलं तरी चालतं, कारण ते एका वेळी एकाच खात्याचा डेटा मागतं.

५. जुने इंजिनिअर सांगतात की ३२ बिटवरही ६४ जीबी रॅम चालायची. खरं का?

खरं आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून पीएई नावाची सोय आली. तिच्यामुळं प्रोसेसर बाहेरच्या बाजूला ३६ बिटचा पत्ता देऊ लागला, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम. पण एका प्रोग्रामला दिसणारे पत्ते ३२ बिटचेच राहिले. म्हणून मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस एडब्ल्यूई नावाची युक्ती वापरायचा. दूरच्या रॅमचा एक तुकडा आपल्या खिडकीत ओढायचा, काम झालं की ढकलायचा, दुसरा ओढायचा. आणि ही खिडकी फक्त डेटाच्या पानांना होती. क्वेरीचे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचे) प्लॅन, कनेक्शनं, सॉर्टिंग हे सगळं त्या दोन जीबीतच दाटीवाटीनं. दोन जीबीचे तीन करायचाही एक स्विच होता, त्यात विंडोजच्या वाट्याचा एक जीबी काढून प्रोग्रामला द्यायचे.

एसक्यूएल सर्व्हर २०१२ मध्ये एडब्ल्यूई काढून टाकलं आणि २०१६ पासून ३२ बिट आवृत्तीच बंद झाली. आज कुणी हे करून देतो म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

६. ६४ बिटनं कधी तोटा होतो का?

होतो, थोडा. पत्ता चार बाइटचा होता तो आठ बाइटचा होतो. प्रोसेसरची आतली कॅश (बफर पूलपेक्षा वेगळी, त्याच्याच चिपवरची) ६४ बाइटच्या ओळींनी भरते. एका ओळीत आधी सोळा पत्ते मावायचे, आता आठच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यांचं जाळं फार असतं त्याला हे जाणवतं. रेडिससारखा सगळा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस ३२ बिटमध्ये बांधला तर तेवढ्याच नोंदींना बरीच कमी मेमरी लागते, फक्त एकूण मर्यादा ४ जीबीची येते. जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी तर ह्यावर तोडगाच काढलाय. हीप, म्हणजे प्रोग्रामचा डेटा ठेवायची मेमरी, सुमारे ३२ जीबीच्या आत असेल तर ६४ बिट मशिनवरही तिथं पत्ते चार बाइटमध्ये दाबून ठेवतात.

कनेक्शनंही जरा जास्त खातात. एसक्यूएल सर्व्हरच्या एका थ्रेडच्या (कामाच्या एका धाग्याच्या) स्टॅकला, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीला, ३२ बिटमध्ये ५१२ केबी लागायचे, ६४ बिटमध्ये २ एमबी लागतात. म्हणून दोन जीबी रॅमच्या जुन्या खोक्यावर हट्टानं ६४ बिट चढवण्यात राम नाही. आधी रॅम घाला.

७. डिस्कवरची डेटा फाइल पण दुप्पट होणार का?

नाही. फाइलच्या आत मेमरीचे पत्ते नसतातच, पानांचे क्रमांक असतात, आणि त्यांची लांबी डेटाबेसनं ठरवलेली असते.

८. ६४ बिट केल्यापासून सर्व्हरची रॅम सारखी फुल्ल दाखवते. बिघडलं का काय?

बिघडलं नाही, पण लगाम घालायचा राहिलाय. एसक्यूएल सर्व्हरची ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ मुळात २,१४,७४,८३,६४७ एमबी असते, म्हणजे ‘दिसेल तेवढी घे’. ३२ बिटमध्ये तो भिंतीला आपटून थांबायचा. आता भिंतच नाही. रॅम भरलेली असणं वाईट नाही, कॅश म्हणजे भरून ठेवायचीच वस्तू. पण विंडोजला श्वास घ्यायला काही जीबी सोडा, नाहीतर ते पेजिंग करायला लागतं आणि मग रॅममधली कॅश डिस्कवर जाऊन बसते, म्हणजे मूळचं दुखणं परत.

पोस्टग्रेसचं उलटं. त्याचे शेअर्ड बफर्स (त्याचा बफर पूल) मुळात १२८ एमबी असतात आणि लोक ते कधी हलवतच नाहीत. नुसत्या डेटाबेससाठीच्या मशिनवर एकूण रॅमच्या पाव हिश्श्यापासून सुरुवात करा. मायएसक्यूएलचा बफर पूलही १२८ एमबीवरच येतो. मशिनवर दुसरं काही चालत नसेल तर तो ७०-८० टक्क्यांपर्यंत नेता येतो.

९. आमच्यात एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस फुकटातलं आहे. त्याला ६४ बिटचा फायदा?

फार नाही. एक्स्प्रेसची कुंपणं प्रोसेसरनं घातलेली नाहीत, लायसननं घातली आहेत. बफर पूल १४१० एमबी, चारच कोअर आणि २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबी. मशिनमध्ये ६४ जीबी रॅम घातली तरी हा गडी आपल्या दीड जीबीत बसून राहतो. इथं पैसे घालायचे तर एसएसडीत घाला आणि इंडेक्स (नोंद झटकन सापडवणारी सूची) नीट करून घ्या.

१०. प्रोसेसर ६४ बिट आहे, तरी बेरीज करताना ओव्हरफ्लो का येतो?

रकाना ३२ बिटचा आहे आणि आकडा त्यात मावत नाही, म्हणून. प्रोसेसरची रुंदी आणि रकान्याची रुंदी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंट म्हणून केलेला रकाना कुठल्याही मशिनवर चार बाइटचाच, त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात.

आपल्याकडं पैशात हिशेब ठेवायची सवय काही जुन्या प्रोग्रामरना होती, अपूर्णांकाची भानगड नको म्हणून. सवय चांगली. पण तेवढे पैसे म्हणजे किती? २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मोठ्या दूध संस्थेची काही महिन्यांची बिलं किंवा कारखान्याच्या एका पंधरवड्याचं ऊसबिल एवढ्यात कुठलं मावायला? प्रत्येक शेतकऱ्याचं बिल बरोबर निघतं, खालची एकूण बेरीज फुटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंट रकान्याची बेरीज इंटच धरतात, म्हणून तिथं सरळ एरर येतो. पोस्टग्रेस तीच बेरीज आठ बाइटात करतो, मायएसक्यूएल दशमान पद्धतीनं. त्यामुळं तोच प्रोग्राम एका ठिकाणी चालतो आणि दुसरीकडं आपटतो, आणि शिव्या बिचाऱ्या हार्डवेअरवाल्याला बसतात.

इलाज: एकूण रकमा आणि आपोआप वाढणारे क्रमांक यांना बिगइंट (आठ बाइटचा रकाना) वापरा. काट्यावरच्या पावत्या, दुधाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, हे आकडे वाटतात त्यापेक्षा लवकर फुगतात.

११. २०३८ चं काय प्रकरण आहे? ६४ बिट घेतलं म्हणजे सुटलो ना?

लगेच सुटका नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या चिन्हासहित आकड्यात मोजले तर तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. ६४ बिट सिस्टिममध्ये वेळ मोजायला ६४ बिट वापरतात, ते बरं आहे. पण मायएसक्यूएलमधला टाइमस्टॅम्प जातीचा रकाना ६४ बिट मशिनवरही २०३८ लाच संपतो. डेटटाइम जात ९९९९ सालापर्यंत जाते.

आणि २०३८ लांब आहे असं पतसंस्थेनं म्हणू नये. आज दिलेल्या पंधरा वर्षांच्या घरकर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडं पडतो. तो हप्ता टाइमस्टॅम्प रकान्यात लिहायला गेलात तर दुखणं आजच सुरू होतं.

१२. पोस्टग्रेस ६४ बिट आहे. त्याला तरी मर्यादा नाहीत ना?

आहेत, आणि एक चांगलीच चावरी आहे. पोस्टग्रेस प्रत्येक लिहिणाऱ्या व्यवहाराला क्रमांक देतो आणि पानांवर तो क्रमांक ३२ बिटचाच ठेवतो, प्रोसेसर कुठलाही असो. क्रमांक साधारण चार अब्ज, आणि ते गोल फिरतात, म्हणून मागं वळून बघायला सुमारे दोन अब्जांचीच जागा. जुन्या नोंदींवर ‘ह्या पक्क्या झाल्या’ असा शिक्का मारत राहावं लागतं. ते काम व्हॅक्यूम करतं.

पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, तसंच इथंही आहे. १४ व्या आवृत्तीपासून चार कोटी क्रमांक उरले की इशारे यायला लागतात, तीस लाखांच्या खाली गेलं की डेटाबेस नवीन लिखाण घेणंच थांबवतो. इशारे लॉगमध्ये येतात आणि लॉग कोण वाचतो? पतसंस्थेच्या उलाढालीला इथवर यायला वर्षं लागतात, पण काही शहाणे ‘व्हॅक्यूममुळं स्लो होतंय’ म्हणून ते बंद करून ठेवतात. ते करू नका. नदीची पट्टी पुसली म्हणून पाणी उतरत नाही.

एका टेबलाची मर्यादाही अशीच ३२ बिटच्या पान-क्रमांकावरून येते. ८ केबीचं पान धरून ३२ टीबी. ती कोल्हापुरात कुणाला लागलेली मी बघितली नाही.

१३. आमचं फॉक्सप्रोमधलं सॉफ्टवेअर पंचवीस वर्षं झाली मस्त चाललंय. नव्या मशिनवर चालेना. का?

फॉक्सप्रो हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर. ते डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचं, असेल तर १६ बिट काळातलं आहे आणि ६४ बिट विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवतच नाही. तो थरच त्यात नाही. डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) किंवा व्हर्च्युअल मशिनमध्ये जुनं ३२ बिट विंडोज बसवून दिवस ढकलता येतात. प्रिंटरचं मात्र रडगाणं होतं, विशेषतः एकशेबत्तीस कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सचं.

व्हिज्युअल फॉक्सप्रो ३२ बिट आहे, ते ६४ बिट विंडोजवर चालतं. पण ते ३२ बिटच राहणार. शेवटची आवृत्ती ९, तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. आणि एका टेबलाच्या फाइलला २ जीबीची मर्यादा कुठल्याही मशिनवर तशीच. दोन जीबीला टेकलेली फाइल कधी कधी इंडेक्ससकट मोडते आणि ते कळतं नेमकं ऑडिटच्या दिवशी. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइललाही २ जीबीचीच मर्यादा आहे.

खरं सांगायचं तर फॉक्सप्रोचं मला वाईट वाटतं. असं चपळ, आटोपशीर साधन परत झालं नाही. गुळाच्या सौद्याची पट्टी त्यात जेवढ्या झटक्यात निघायची तेवढी आजच्या कित्येक वेब सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही. पण प्रेमापोटी ठेवींचा डेटा त्यात ठेवू नये.

१४. डेटाबेस ६४ बिट केला आणि रिपोर्ट बंद पडले. ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असं काहीतरी येतंय.

ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा दुवा, आणि प्रोग्राम वेगवेगळ्या बिटचे झालेत. एका प्रोसेसमध्ये ३२ आणि ६४ बिटचे तुकडे एकत्र नांदत नाहीत. रिपोर्टचा प्रोग्राम ३२ बिट असेल तर त्याला ३२ बिटचाच ड्रायव्हर द्या. सर्व्हर ६४ बिट असला तरी बिघडत नाही, मध्ये नेटवर्क असतं.

गंमत अशी की विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग करणारे दोन प्रोग्राम आहेत आणि दोघांच्याही फाइलच्या नावात ३२ आहे. ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमधला ६४ बिट आणि ‘सिसवाव ६४’ फोल्डरमधला ३२ बिट. उलटं छापलेलं नाही, खरोखर तसंच आहे. एका अडतीत मी दीड तास चुकीच्या खिडकीत ड्रायव्हर शोधत बसलो होतो, मालक मध्येमध्ये येऊन ‘झालं का हो?’ विचारून जायचे.

१५. मराठी नावांमुळं डेटाबेस स्लो होतो का? आणि त्याचा बिटशी संबंध काय?

बिटशी संबंध नाही, कॅशशी आहे. ‘कोल्हापूर’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ खुणांचा होतो. यूटीएफ-८ ह्या साठवण पद्धतीत प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट, म्हणजे २७ बाइट. यूटीएफ-१६ मध्ये १८. रोमन लिपीत तेच नाव आठ-नऊ बाइटात बसतं. म्हणजे सभासदांच्या नावांचा इंडेक्स मराठीत बराच जाड होतो आणि कॅशमध्ये तेवढी जास्त जागा घेतो. दोन जीबीच्या खुराड्यात हे जाणवायचं. ६४ बिट आणि पुरेशी रॅम असेल तर विसरून जा. नावं मराठीतच ठेवा, फक्त जोडणी नावावरून न करता सभासद क्रमांकावरून करा.

१६. (विद्यापीठातल्या मुलांचा प्रश्न) ६४ बिट म्हणजे सगळे ६४ बिट पत्त्याला वापरतात का?

नाही. सध्याचे बहुतेक पीसी प्रोसेसर ४८ बिट वापरतात, म्हणजे २५६ टीबी. काही नव्या सर्व्हर प्रोसेसरात ५७ बिट. मोठ्या रॅमचा खरा त्रास वेगळाच आहे. ६४ जीबी रॅम ४ केबीच्या पानांत मोजली तर १,६७,७७,२१६ पानं होतात आणि त्यांचा पत्ताकोश सांभाळण्यातच प्रोसेसर दमतो. म्हणून मोठ्या डेटाबेसला लिनक्सवर २ एमबीची ह्यूज पेजेस देतात, तीच रॅम मग ३२,७६८ पानांत मावते. शिवाय स्तंभवार साठवण करणारे डेटाबेस २५६ किंवा ५१२ बिटच्या वेगळ्या रजिस्टरांत एकदम आठ-सोळा आकडे तपासतात. तिथं ६४ हा आकडा मागंच पडतो.

१७. बदलायचं ठरलं. कसं करू?

शनिवारी संध्याकाळी, दिवसअखेर झाल्यावर. मार्चमध्ये नको, गळिताच्या तोंडावर नको.

एसक्यूएल सर्व्हरचं सोपं आहे, ३२ बिटवरचा बॅकअप ६४ बिटवर सरळ रिस्टोअर होतो. पोस्टग्रेसमध्ये डेटा फोल्डर उचलून ६४ बिटच्या प्रोग्रामखाली ठेवला तर चालणार नाही. डंप (सगळ्या डेटाची बाहेर काढलेली प्रत) काढा आणि नव्यात भरा. मायएसक्यूएललाही मी डंपच काढतो, वेळ जातो पण झोप लागते. ॲक्सेसमध्ये मॅक्रो लिहिलेले असतील तर ६४ बिट ऑफिसमध्ये विंडोजच्या फंक्शनांच्या घोषणा दुरुस्त कराव्या लागतात.

भरून झाल्यावर तेरीज जुळवा. ठेवी, कर्ज, रोख शिल्लक, सभासद संख्या, चारही आकडे जुन्याशी पैशापर्यंत. जुनं मशीन निदान एक महिनाअखेर होईपर्यंत पुसू नका.

आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरची किती मशीन गेली ते शाहूपुरीत कुणालाही विचारा. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असलेली मी स्वतः चिखलातून काढली आहे.

१८. बजेट थोडंच आहे. आधी कशावर खर्च करू?

आधी काहीच खर्च न करता टास्क मॅनेजर उघडून गर्दीच्या वेळी, सकाळी अकराच्या सुमाराला, पाच मिनिटं बघत बसा. डिस्क शंभरावर आणि रॅम मोकळी असेल तर डेटाबेस ३२ बिट आहे किंवा सेटिंग मुळातलंच आहे. ह्याला पैसे लागत नाहीत. डिस्क शंभरावर आणि रॅमही भरलेली असेल तर रॅम घ्या, जुनी फिरती डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी. प्रोसेसरचा एकच कोअर पूर्ण भरलेला आणि बाकी सगळं शांत असेल तर एखादी क्वेरी इंडेक्सविना सगळं टेबल चाळत बसलीय. ती प्रोग्रामरला दाखवा, बिलाआधी. आणि सगळंच शांत असूनही काउंटरवर स्क्रीन हलत नसेल तर भिंतीतली नेटवर्कची वायर तपासा. एका दूध संस्थेत ती उंदरानं खाल्ली होती आणि नवीन सर्व्हरचं कोटेशन मंजूरही झालं होतं.